खांदे पुढे, हनुवटी वर

१

सलिमा तांबोळीला रुग्णालयातले डॉक्टर डॉक्टर मानत नसत आणि पेशंट मात्र हमखास मानत. पांढरा कोट तिच्या अंगातही असे, पण ती कुणाची नाडी बघत नसे. ती यंत्रांची नाडी बघायची. एक्स-रे यंत्रातून किरण किती निघतात, कुठे जातात, नको तिथे किती झिरपतात, फोटो चांगला का येतो आणि का बिघडतो, हे तपासणं तिचं काम. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि वर मुंबईचं खास शिक्षण घेऊन ती परत आली, तेव्हा चिंचवडात गॅरेज चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी, कादरभाईंनी, आळीत सगळ्यांना सांगितलं की पोरगी आपल्यासारखीच मेकॅनिक झाली, फक्त हात काळे होत नाहीत. सलिमाला ते वर्णन मनापासून आवडलं होतं.

पिंपरीच्या त्या रुग्णालयात डॉक्टरकी शिकवलीही जाई, त्यामुळे एकेका फोटोभोवती चार शिकाऊ डोकी जमलेली असत. दर सोमवारी पेशंट यायच्या आधी सलिमा तळमजल्यावरच्या छातीच्या खोलीत जाई. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून तिने जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी बनवून घेतली होती. ती पाण्याने भरून स्टँडवर ठेवायची, मागे फिल्मची कॅसेट लावायची आणि फोटो काढायचा. पाण्याला हाडं नसतात, रोग नसतो आणि नखरेही नसतात. त्यामुळे पाण्याचा फोटो दर आठवड्याला एकसारखा, सपाट, करडा यायला हवा. तसा तो येई.

१९७७ च्या उन्हाळ्यात माणसांचे फोटो बिघडायला लागले. आसपासच्या फाउंड्र्यांमधल्या कामगारांच्या छातीत धूळ किती बसली आहे हे पाहण्याची मोहीम रुग्णालयाने हातात घेतली होती. रोज रांग लागायची. पण फोटोत फासळ्यांच्या कडा दुहेरी दिसत, हृदयाची कड पुसट दिसे. पेशंटने फोटोच्या क्षणी श्वास घेतला की असं होतं. विभागप्रमुख डॉक्टर काळभोर यांनी एकच अर्थ काढला, की यशवंतराव म्हातारे झाले.

यशवंतराव म्हणजे त्या खोलीचा तंत्रज्ञ. मूळचा मारुंजीचा, लष्करात एक्स-रे शिकलेला, अंगाने काटक आणि आवाजाने खणखणीत. पेशंट स्टँडला छाती लावून उभा राहिला की यशवंतराव म्हणायचे, "खांदे पुढे, हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा." मग बटण दाबायचे, आणि शेवटी "सोडा." शिकाऊ पोरं कँटीनमध्ये त्यांची नक्कल करायची आणि यशवंतरावांना ते ठाऊक होतं. ऐकून ते मिशीत हसायचे.

वर्षभरापूर्वी सलिमानेच त्यांना खोलीबाहेर काढलं होतं. पूर्वी ते खोलीतच एका शिशाच्या पडद्याआड उभे राहून फोटो काढत. त्यांच्या छातीवर लावलेला किरण मोजायचा बिल्ला प्रत्येक वेळी इतरांपेक्षा जास्त काळवंडून येई. सलिमाने भांडून खोलीला भिंत घालून घेतली, त्यात शिशाची काच बसवली आणि यशवंतरावांना काचेपलीकडच्या केबिनमध्ये नेलं. पेशंटला सांगण्यासाठी दोन दिवे लावले. हिरवा लागला की श्वास घ्यायचा, लाल लागला की रोखायचा, दिवे विझले की सोडायचा. यशवंतराव कुरकुरले होते, की माणसाला दिव्याने काय कळणार. पण बिल्ले स्वच्छ यायला लागले आणि सलिमाला आपल्या कामाचा अभिमान वाटला.

आता डॉक्टर काळभोरांनी तिला स्पष्ट विचारलं होतं. दोष यंत्राचा की माणसाचा? शनिवारी अधीक्षकांसमोर तिने सांगायचं. दोष माणसाचा निघाला तर यशवंतरावांना सक्तीने घरी बसवणार होते. पेन्शनला थोडीच वर्षं उरलेला माणूस, आणि 'फोटो बिघडवले म्हणून काढला' असा शिक्का घेऊन मारुंजीला परत जाणार. त्यांनी सलिमाला विनवलं वगैरे नाही. फक्त यंत्राच्या चाव्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या आणि म्हणाले, "बगा तुमी. माझं न्हाई पटत कुनाला."

२

सलिमाने आधी संशय घेतला तो हॅमरवर. रस्त्यापलीकडच्या कारखान्यात लोखंड ठोकायचा मोठा हॅमर होता. तो पडला की रुग्णालयातल्या चहाच्या कपात गोल गोल तरंग उठायचे. यंत्रातली किरण सोडणारी नळी हलली तर फोटो धुरकट येणारच. तिने हे बोलून दाखवलं तेव्हा डॉक्टर काळभोर हसून म्हणाले, की नाचता येईना अंगण वाकडं. पण गुरुवारपर्यंत थांबायला ते कबूल झाले. गुरुवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी असते. हॅमर बंद, लेथ बंद, बसगाड्या रिकाम्या. त्या दिवशी मोहिमेचे कामगारही येत नसत, त्यामुळे खोलीही मोकळी.

गुरुवारी सकाळी सलिमाने पाण्याची पेटी स्टँडवर ठेवली. कॅसेटवर बारीक तारेची जाळी चिकटवली आणि एका कोपऱ्यात शिशाची अक्षरं लावली. युक्ती साधी होती. नळी हलली तर जाळीही धुरकट येईल, अक्षरंही येतील. कपात तरंग नव्हते. यशवंतरावांनी केबिनमधून बटण दाबलं, कॅसेट डार्करूममध्ये नेली आणि थोड्या वेळाने ओली फिल्म हँगरला अडकवून आणली.

जाळीची एकेक तार मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. अक्षरं कोरल्यासारखी. म्हणजे नळी हलली नव्हती, कॅसेट हलली नव्हती. पण सपाट करड्या पाण्याच्या मधोमध एक कमान होती. रुंद, वर फुगलेली, आणि तिची कड धुरकट. काहीतरी फोटोच्या वेळी खाली-वर झालं होतं आणि ते नळी आणि जाळीच्या मध्ये होतं. तिथे पाण्याशिवाय काही नव्हतं.

पाणी डचमळलं असेल, असं सलिमा म्हणाली. यशवंतरावांनी झाकण दाबून पाहिलं. पेटी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेलं होतं, हे दोघांनाही दिसत होतं. सोमवारचे जुने फोटो तिने काढून दिव्यासमोर धरले. इतके दिवस ती त्यांत करडेपणा किती आहे तेवढाच मोजत आली होती. मधोमध पाहिलं तर भिंत बांधल्यानंतरच्या प्रत्येकात ती कमान होती, आधी अगदी फिकी आणि मग जरा जरा गडद होत गेलेली. भिंतीआधीच्या एकातही नव्हती. सलिमाला स्वतःचा राग आला.

३

मग तिने पाणी काढून टाकलं आणि मेणाचा ठोकळा आणला. मेण डचमळत नाही. शिकाऊ डॉक्टरांना शिकवायला तिने तो जुन्या मेणबत्त्या वितळवून केला होता आणि त्याला सगळे 'मेणराव' म्हणत. मेणरावांचा फोटो काढला. कमान होती. ठोकळा आडवा केला, तरी कमान उभीच, जिथल्या तिथे. सलिमाने एखाद्या इंजिनाचे सुटे भाग काढावेत तशी एकेक शक्यता काढून बाजूला ठेवली. फिल्मचा डबा बदलला. कॅसेट बदलली. फिल्म धुवायचा डेव्हलपर नवा कालवला. कमान काही हटेना.

खोलीही तिने नव्याने पाहिली. हिरव्या रंगाच्या भिंती, काळा कागद लावलेली खिडकी, कपडे बदलायच्या आडोशाला खादीचा पडदा, कोपऱ्यात जुना शिशाचा पडदा, वर हवा बाहेर फेकणारा पंखा. पंख्याचा हलका आवाज सतत येत होता, आत ओढल्यासारखा आणि मग बाहेर सोडल्यासारखा. पंख्याने वारा एकाच दिशेला जातो, हे तिच्या डोक्यात आलं. बेअरिंग गेलं असेल, असं म्हणून तिने तो बंद करायला सांगितलं. यशवंतरावांनी सांगितलं की तो सकाळपासून बंदच आहे.

दुपारी केबिनमधलं बटण अडकलं. दुरुस्तीला वेळ लागणार होता आणि शनिवार तोंडावर आला होता. जुना हातात धरायचा स्विच लांब वायरीसकट कपाटात पडून होता. तो जोडला, पण वायर केबिनपर्यंत पुरेना. एक-दोन फोटोंनी काही बिघडत नाही असं स्वतःला बजावून सलिमा शिशाचा ॲप्रन घालून यशवंतरावांबरोबर जुन्या पडद्याआड उभी राहिली. समोर स्टँडवर मेणराव. यशवंतरावांनी स्विच हातात घेतला आणि सवयीने त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "खांदे पुढे, हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा." मग बटण, मग "सोडा."

सलिमाला हसू आवरेना. मेणाला कुठला आलाय श्वास, असं तिने विचारलं आणि यशवंतराव कानापर्यंत लाल झाले. जित्याची खोड, असं काहीतरी पुटपुटत ते डार्करूममध्ये गेले. त्या दिवसात दोघं पहिल्यांदाच हसली होती.

फिल्म आली तेव्हा धुरकट कमान नव्हती. तिच्या जागी तीच कमान स्वच्छ रेघेने उमटली होती, छातीच्या फोटोत फासळ्यांखाली श्वासपटलाची दिसते तशी. आणि वर, मेणाच्या पांढुरक्या ठोकळ्यात, अगदी बारीक रेघांनी फासळ्या दिसत होत्या.

याचं कारण सलिमाला ताबडतोब सापडलं आणि तिला हायसं वाटलं. आधी कुणाचा तरी फोटो काढलेली कॅसेट न धुता पुन्हा वापरली गेली होती. एकाच फिल्मवर दोन फोटो. घाईच्या दिवसात अशी चूक होते. तिने यशवंतरावांना ते समजावून सांगितलं आणि सांगताना आवाज जरा चढला असावा. कारण ही चूक खरी असेल तर शनिवारी काय सांगायचं तेही ठरत होतं. यशवंतराव फक्त म्हणाले, "मग तुमीच भरा की फिल्म, मॅडम. माझ्या हातावर इस्वास नसंल तर." त्यांचा चेहरा उतरला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्यांत आपणही बसलो, असं सलिमाला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

४

तिने फिल्मचा न फोडलेला डबा डार्करूममध्ये स्वतः फोडला. कॅसेट स्वतः भरली आणि हातातून खाली न ठेवता स्टँडला लावली. मेणरावांना उचलून बाहेर नेऊन ठेवलं. आता नळी आणि कॅसेटच्या मध्ये काहीच नव्हतं. मध्ये काही नसेल तर फिल्म काळीकुट्ट निघते, पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येतं. तिला ती काळी फिल्म हवी होती. एक काळी फिल्म, की पुढचं सगळं सरळ झालं असतं.

पडद्याआड उभी राहून तिने यशवंतरावांना सांगितलं, की मघासारखंच बोला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रिकाम्या खोलीला उद्देशून बोलायला त्यांना जड जात होतं. पण ते बोलले. खांदे पुढे, हनुवटी वर, श्वास घ्या.

"रोखा," यशवंतराव म्हणाले, आणि खोलीतला तो आत-बाहेर होणारा आवाज थांबला. आवाज होता हे सलिमाला तो थांबल्यावर नीट कळलं. यशवंतरावांनी बटण दाबलं. त्यांना 'सोडा' म्हणायचं सुचेना. सलिमाने त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा ते एकदम दचकून 'सोडा' म्हणाले, आणि आडोशाचा खादीचा पडदा आतून फुगून बाहेर आला आणि हळू खाली बसला.

डार्करूममध्ये दोघं गेली. लाल दिव्याखाली सलिमाने फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली. चांगला तंत्रज्ञ फिल्म वर काढून काढून बघत नाही, वेळ होईपर्यंत थांबतो. ती थांबली. मग फिल्म फिक्सरमधून काढून दिव्याला लावली.

फिल्म काळी नव्हती. तिच्यावर छाती होती. फासळ्या, खांद्याची हाडं बाजूला सरकवलेली, जबड्याची कड वर उचललेली, कुणी स्टँडला छाती लावून नीट उभं राहावं तशी. तिच्यामागे दुसरी छाती होती. तिच्यामागे आणखी. एकातून दुसरी दिसत होती. फिल्मला चिकटलेली वस्तू तिच्या खऱ्या मापाची आणि स्वच्छ येते, आणि जितकी ती नळीच्या जवळ तितकी मोठी आणि पुसट येते. सलिमाने हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. पहिल्या छातीच्या फासळ्या नेहमीच्या मापाच्या होत्या, मग त्यांच्याहून मोठ्या, मग त्याहून मोठ्या. सगळ्यात मागच्या दोन फासळ्यांमध्येच फिल्मची रुंदी संपली होती. म्हणजे ते जे काही होतं ते नळीला टेकून उभं होतं. नळीच्या मागे काय आहे ते फोटोत येत नाही.

सलिमाने स्टूल ओढून घेतलं. एक डोकं हिशेब मांडतच होतं, की डबा कारखान्यातच बिघडलेला असेल, कुणी चेष्टा केली असेल. दुसरं डोकं म्हणत होतं की डबा तू फोडलास.

यशवंतराव बराच वेळ फिल्मकडे पाहत राहिले. घाबरलेला माणूस पाहतो तसे नाही. स्टेशनवर गर्दीत ओळखीचं माणूस शोधावं तसे. मग त्यांनी पहिल्या छातीच्या गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं. हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं.

"ह्यो भैरू," ते म्हणाले. "फाउंड्रीतला."

भैरू कधी गेला, असं सलिमाने विचारलं.

"जायाला काय झालंय त्याला? काल कँटिनात चा पाजला मला." त्यांनी बोट उचललं नाही. "मॅडम, ही समदी माझी मानसं हायती. खांदे कसे धरलेत बगा. असं मीच धरायला शिकिवतो. आता कोन सांगत न्हाई त्यास्नी, म्हून हालत्यात बिचारी."

रुजू होताना रुग्णालयातल्या प्रत्येकाचा छातीचा फोटो काढतात. सलिमाचाही काढला होता, याच खोलीत, याच माणसाने. तिने फिल्म दिव्यावरून काढली आणि पुन्हा लावली नाही.

५

शुक्रवारी तिने दोन गोष्टी करून पाहिल्या. केबिनमध्ये माइक आणि खोलीत भोंगा बसवला, म्हणजे यशवंतरावांना भिंतीपलीकडूनच बोलता येईल. यशवंतराव माइकवर बोलले. कमान धुरकटच. मग ती स्वतः पडद्याआड उभी राहिली आणि तेच शब्द तितक्याच मोठ्याने म्हणाली. धुरकट. पुन्हा म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. खोलीला ती कोणी लागत नव्हती.

संध्याकाळी तिने यशवंतरावांना आपल्या टेबलासमोर बसवलं आणि आहे ते सरळ सांगितलं. यंत्र बिघडलंय असं ती लिहू शकते. मग यंत्र काढून नेतील, खोली बंद होईल आणि त्यांना वॉर्डात कुठेतरी कामाला लावतील, पण नोकरी राहील. किंवा त्यांच्या हातात काही दोष नाही हे ती शनिवारी सगळ्यांसमोर सिद्ध करू शकते. पण मग त्यांना रोज खोलीत उभं राहावं लागेल, किरणांत, आणि त्यांच्यात. तिने 'त्यांच्यात' हा शब्द वापरला आणि दोघांनीही तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. वॉर्डात जा, असं तिला मनातून वाटत होतं आणि तिने तसं सांगितलंही.

यशवंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काम येत न्हाई म्हून हलिवलं, असंच म्हंत्याल सगळी. आन् त्यांचं काय? त्यास्नी कोन सांगंल?"

शनिवारी अधीक्षक आले, डॉक्टर काळभोर आले. सोनबा नावाचा एक कामगार फोटोला उभा केला होता, तो इतकी साहेब मंडळी पाहून आधीच घामाघूम झालेला. सलिमाने पंखा बंद असल्याची स्वतः खात्री केली. यशवंतराव ॲप्रन चढवून जुन्या पडद्याआड गेले आणि खणखणीत आवाजात बोलले. सोनबाने श्वास घेतला. त्याच्या बरोबरीने खोलीत जेवढा श्वास घेतला गेला तो एका माणसाचा नव्हता. सलिमाने अधीक्षकांकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते.

फोटो इतका सुरेख आला की डॉक्टर काळभोरांनी तो शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवून घेतला. पेशंटला नीट सांगायला हवं हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय, असंही ते म्हणाले. ते तसं कधीच म्हणाले नव्हते. सलिमाने लिहून दिलं, की यंत्र ठीक, तंत्रज्ञ निर्दोष, दिव्यांची खूण पेशंटना समजत नाही, सबब तंत्रज्ञाने खोलीत उभं राहून तोंडाने सूचना द्यावी. शिशाचा पडदा तिने दुप्पट जाडीचा करून घेतला. आपणच घातलेल्या भिंतीपलीकडून त्या माणसाला आपणच परत आत पाठवलं, हे तिला कायम बोचत राहिलं. यशवंतराव मात्र त्या दिवशी सगळ्या विभागाला पेढे वाटत फिरले.

६

पुढची चार वर्षं छातीच्या खोलीतले फोटो वाखाणण्याजोगे आले. यशवंतरावांनी रजा म्हणून घेतली नाही. तापातही यायचे. पुतणीच्या लग्नाला ते फक्त अक्षतांपुरते मारुंजीला गेले आणि दुपारी परत कामावर हजर. बायको विमलबाई एकदा सलिमाला भेटायला आली आणि म्हणाली, की साहेबांना सांगून त्यांना जरा घरी बसवा, झोपेतसुद्धा 'रोखा' म्हणतात आणि मग 'सोडा' म्हणेपर्यंत माझाच जीव वरखाली होतो. सलिमा यशवंतरावांशी बोलली. त्यांनी ऐकून घेतलं आणि कॅसेट भरायला गेले.

१९८१ च्या पावसाळ्यात एका रविवारी ते दुपारी जेवून उठले, ओट्यावर टेकले आणि तसेच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात सलिमा बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण ती खूप रडली.

त्यांच्या जागी शौकत नावाचा परभणीकडचा एक शिकलेला तंत्रज्ञ आला. नियम पाळणारा, मितभाषी. खोलीत उभं राहायला त्याने पहिल्याच दिवशी नकार दिला आणि त्याचं काही चुकत नव्हतं. भिंतीमागची केबिन पुन्हा सुरू झाली, दिवे सुरू झाले. आता फोटो पुन्हा बिघडणार, हे सलिमाने धरूनच ठेवलं होतं. या वेळी डॉक्टर काळभोरांना काय सांगायचं तेही तिने ठरवलं होतं. खोली बंद करा, एवढंच.

पण फोटो स्वच्छ आले. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर. सोमवारी सकाळी ती पाण्याची पेटी घेऊन खोलीत गेली. शौकतने केबिनमधून फोटो काढला. सपाट, करडा, कुठे काही नाही. कमान नाही. सलिमाने त्याला विचारलं, की तू काही बोलतोस का? शौकत गोंधळला. केबिनमधून काय बोलणार, मॅडम, मी दिवेच लावतो, असं म्हणाला. पेशंट काही म्हणाले का, असंही तिने विचारलं. शौकतने आठवून पाहिलं. एक शालनबाई म्हणून होत्या, त्यांना दिवे समजावून सांगायला गेलो तर म्हणाल्या, की राहू दे, मला कळलंय कसं उभं राहायचं. बाकी कुणी काही नाही.

सलिमा म्हणाली, की मी एकदा स्वतः काढून बघते. तिने शौकतला दाराबाहेर थांबायला सांगितलं, नवी कॅसेट लावली आणि केबिनमध्ये येऊन काचेसमोर बसली. पलीकडे हिरव्या भिंती, स्टँड, पाण्याची पेटी, आडोशाचा पडदा. रस्त्यापलीकडे हॅमर पडत होता आणि टेबलावरच्या चहात तरंग उठत होते. नेहमीसारखी सोमवारची सकाळ. तिने बटण दाबलं, यंत्र गुणगुणलं आणि थांबलं.

कॅसेट आणायला उठायचं म्हणून तिने टेबलावर हात टेकला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण श्वास घेत नाही आहोत. गुदमरल्यासारखं काही वाटत नव्हतं. भरलेली छाती जागच्या जागी थांबली होती, एवढंच, आणि श्वास सोडायचं तिच्या हातात नव्हतं. 'सोडा' अजून कुणी म्हटलं नव्हतं. तिचे खांदे पुढे आले होते. हनुवटी वर उचलली होती. कधी, ते तिला सांगता आलं नसतं. डोळ्यांपुढे हळूहळू काळं यायला लागलं होतं आणि तरीही ती नीट, न हलता बसून होती.

दार ढकलून शौकतने आत डोकं घातलं.

"मॅडम, झालं का?"

सलिमाने उत्तर दिलं नाही. झालं हे सांगायचं काम तिचं नव्हतं.